तुका म्हणे आणि फोन म्हणे

"ताई, ऐकलंत का? कोपऱ्यावरच्या बंगल्यात पाहुणे आलेत."

"कोण म्हणालं?"

"दूधवाला. परवापासून त्यांची एक पिशवी वाढलीय."

मग खरं. आमच्या आणि वहिनींच्या आवारात कमरेएवढी भिंत आहे. त्यांचा कढीपत्ता आमच्याकडे झुकलेला, आमची जास्वंद त्यांच्याकडे. साताऱ्यातल्या या कॉलनीत बावीस वर्षं आम्ही त्या भिंतीवर कोपरं टेकून बोलतोय आणि बावीस वर्षांत माझा पहिला प्रश्न बदललेला नाही: कोण म्हणालं? दूधवाला म्हणाला तर सोळा आणे, कारण तो बोलतो ते पिशव्या मोजून. लग्नकार्याचं इस्त्रीवाल्याकडून कळलं तर पक्कं. भांडीवाल्या मावशींच्या सांगण्यातले रुपयाला आठ आणे धरायचे, आणि त्या त्या घरावर चिडलेल्या असतील तर चारच. समोरच्या काकांचं काहीच धरायचं नाही, नुसती मान हलवायची. भिंतीवरच्या बायका म्हणून लोक नावं ठेवतात, पण आमचा हिशेब बँकेपेक्षा चोख असतो.

गेल्या आषाढात मात्र वहिनींनी काहीतरी सांगितलं, मी सवयीनं विचारलं कोण म्हणालं, तर म्हणाल्या, "फोन म्हणाला."

"फोनवर कोण?"

"कोणी नाही हो. फोनच."

झालं होतं असं. वहिनींचे सासरे, आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो, निवृत्त पोस्टमास्तर. वय एकोणऐंशी. भजनी मंडळात पखवाजाच्या शेजारची जागा त्यांची. एकादशीला भजनाआधी दहा मिनिटं बोलायचं त्यांच्याकडे आलं होतं. विषय त्यांनीच घेतला, माणूस खचला की काय करावं. आठवडाभर गाथा मांडीवर घेऊन बसले होते. तेवढ्यात वहिनींचा धाकटा पुण्याहून आला. तो इंजिनीअरिंगला. म्हणाला, "अण्णा, पानं काय उलटताय, याला विचारू." दोन मिनिटांत फोननं चार कडव्यांचा अभंग काढून दिला. शेवटी तुका म्हणे, खाली गाथेतला क्रमांक, वर अर्थ. अण्णांनी तो पोस्टकार्डावर उतरून घेतला. त्यांच्याकडे अजून कोऱ्या कार्डांचा गठ्ठा आहे, आणि अक्षर असं की मनीऑर्डर फॉर्मवरसुद्धा शोभावं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला वहिनी भिंतीशी. "ताई, अण्णा जेवले नाहीत. गाथेत तो अभंग सापडेना."

ती गाथा म्हणजे सरकारनं १९५० मध्ये काढली त्या प्रतीची पुढची आवृत्ती. साडेचार हजारांहून जास्त अभंग. फोननं दिलेल्या क्रमांकावर भलताच अभंग. अण्णांना वाटलं आकडा चुकला असेल, म्हणून सूचीत पहिला शब्द शोधला. तिथं नाही. मग वाटलं पहिला शब्द वेगळा असेल, म्हणून पानन् पान बघायला घेतलं. पोस्टात हरवलेलं रजिस्टर शोधतात तसं.

मी मराठीची शिक्षिका होते, म्हणून मला बोलावणं. कार्ड हातात घेतलं. पहिलं कडवं ठीक. दुसरंही. तिसऱ्यात तुकोबा म्हणत होते की मन 'सकारात्मक' ठेवावं.

"अण्णा, सकारात्मक? देहूत? सतराव्या शतकात?"

अण्णांनी चष्मा काढला. "मलाही खटकलं होतं," ते म्हणाले, "पण म्हटलं पाठभेद असेल."

हे वाक्य माझ्या डोक्यातून अजून जात नाही. आयुष्यभर वारकरी असलेला माणूस. शेजारच्या गावातल्या बुवांनी एक मात्रा चुकवली तर भर भजनात टाळ थांबवणारा. त्याला शंका आली, आणि त्यानं ती स्वतःवर घेतली. यंत्रावर घेतली नाही.

नातवाला हाक मारली. त्यानं फोनलाच विचारलं, हा अभंग खरा आहे का? फोन म्हणाला, होय, हा तुकाराम महाराजांचा प्रसिद्ध अभंग आहे. त्यानं लिहिलं, गाथेत सापडत नाही. फोन म्हणाला, क्षमस्व, आपलं निरीक्षण अगदी अचूक आहे, आणि लगेच दुसरा अभंग दिला. क्रमांकासकट. अण्णांनी तोही सूचीत बघितला. तोही नव्हता.

"आमच्या खात्यात चुकीच्या दारात रजिस्टर टाकलं तर पोस्टमनचा जबाब व्हायचा," अण्णा म्हणाले. "हा माफी मागतो आणि त्याच हातानं दुसरं चुकीचं टाकतो."

वहिनींना राग आला होता तो वेगळाच. "म्हणजे खोटं बोलतो का हो हा? कशासाठी? त्याला काय मिळतं?"

आता हे कसं सांगायचं? धाकटा मॉडेल, डेटा, टोकन असं काहीबाही सांगत होता. मी म्हटलं, वहिनी, गणपतीत आरतीला उभ्या राहता ना? मागच्या रांगेतल्या निम्म्या लोकांना कडव्यातले शब्द येत नसतात. पण चाल येते, ठेका येतो, ओळ कुठं वळणार हे अंगात असतं. मग ते त्या वळणाचं काहीतरी तोंडातल्या तोंडात म्हणतात आणि ध्रुवपदाला खणखणीत आवाजात बरोबर येऊन मिळतात. ते खोटं बोलतात का? नाही. हा फोन त्या रांगेतला आहे. त्यानं वाचलंय अफाट, त्यातून त्याला कळलेलं असतं की या शब्दामागून बहुधा कुठला शब्द येतो. त्या अंदाजावर तो पुढचा शब्द टाकतो, मग त्याच्या पुढचा. अभंगाचा साचा त्याला पाठ आहे. त्या साच्यात तो अभंग ओततो. गाथा उघडून बघायला तो गेलेलाच नसतो. फरक एवढाच की मागच्या रांगेतला माणूस शब्द येत नसले की आवाज बारीक करतो. याचा आवाज बारीक होत नाही.

इंग्रजीत याला भास होणं म्हणतात. केंब्रिजच्या शब्दकोशानं २०२३ सालचा शब्द म्हणून तोच, 'हॅल्युसिनेट', निवडला होता. यंत्राला भास होतो असं म्हणणं मला जरा लाडाचं वाटतं. भास व्हायला आधी दिसावं लागतं.

अण्णांना मात्र यात नवीन काही वाटेना. म्हणाले, संतांच्या नावावर खपवणं जुनंच आहे. नाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध करून घेतली ती का? लोकांनी आपापल्या ओव्या मध्ये सरकवल्या होत्या म्हणून. आणि यापुढे कुणी घालेल तर अमृताच्या ताटात करवंटी ठेवल्यासारखं होईल, असं बजावून ठेवलं. "फक्त तेव्हा करवंटी ठेवायला माणसाला रात्र घालवावी लागायची," अण्णा म्हणाले. "शाई लागायची."

वहिनींचं समाधान झालेलं नव्हतं. "एक अभंग चुकला म्हणून काय. मोठमोठे लोक वापरतात."

मोठ्या लोकांचंच घ्या म्हटलं. न्यूयॉर्कमध्ये तीस वर्षं वकिली केलेला माणूस. त्याच्या अशिलाच्या गुडघ्याला विमानात खाण्याची ढकलगाडी लागली होती, त्याचा दावा. वकिलानं चॅटजीपीटीला आधीचे निकाल विचारले. त्यानं दिले, नावं, तारखा, न्यायाधीश सगळं. वकिलाला शंका आली तेव्हा त्यानं काय केलं? आपल्या धाकट्यानं केलं तेच. त्यालाच विचारलं, हे खटले खरे आहेत का. तो म्हणाला, खरे आहेत. २०२३ च्या जूनमध्ये न्यायाधीशांनी पाच हजार डॉलर दंड केला. आणि लांब कशाला, २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं एक आयकर आकारणीचा आदेश रद्द केला, त्यात आधार म्हणून दिलेले निकाल कुठं झालेलेच नव्हते. कोर्टानं सांगितलं की यंत्रातून आलेलं आंधळेपणानं घेऊ नका, पडताळून घ्या.

"म्हणजे साहेब लोकसुद्धा," वहिनी म्हणाल्या, आणि त्यांना जरा बरं वाटलं.

मला विचाराल तर या सगळ्यात वाईट चूक ती नाहीच. शब्द जुळवताना चूक होणार. मला सलते ती दुसरी गोष्ट. पूर्वी गूगलवर काही विचारलं की दहा दुवे यायचे. कटकट होती, पण दहा तोंडं दिसायची. हे सरकारी, हे वर्तमानपत्राचं, हा गोळ्या विकणारा, हा कुणीतरी रिकामटेकडा. आपण मनातल्या मनात आठ आणे, चार आणे लावत जायचो. २०२४ च्या मे महिन्यात गूगलनं अमेरिकेत त्या दहांच्या डोक्यावर यंत्राचं एकच तयार उत्तर ठेवायला सुरुवात केली. तेव्हा कुणीतरी विचारलं, पिझ्झ्यावरचं चीज घसरतं, काय करू? उत्तर आलं, सॉसमध्ये थोडा बिनविषारी गोंद घाला. शोधलं तर ते निघालं अकरा वर्षांपूर्वी रेडिट नावाच्या कट्ट्यावर कुणीतरी केलेल्या चेष्टेतून. दुसऱ्या उत्तरात रोज एक छोटा दगड खावा असं होतं, ते 'द ओनियन' या नुसती थट्टा छापणाऱ्या पत्रातलं.

म्हणजे बघा, बोलणं समोरच्या काकांचंच. पण काकांचं तोंड पुसून टाकलेलं, आणि आवाज लावलेला कलेक्टरचा. मी आता चार आणे धरायचे की सोळा?

वहिनी हसल्या, पण मग त्यांनी मला कोपऱ्यात गाठलं. "ताई, तुम्ही म्हणता ते पटतं. पण मी त्याला का विचारते सांगू? तुम्हा शिकल्या-सवरल्या लोकांना विचारलं की आधी म्हणता, एवढंही माहीत नाही? तो कधी म्हणत नाही. रात्री बाराला विचारा, तेच दहादा विचारा. कंटाळत नाही. मागच्या महिन्यात माझा रक्ताचा रिपोर्ट आला, डॉक्टरांनी एक मिनिट बघितला आणि म्हणाले ठीक आहे. त्यानं मला एकेक ओळ समजावली."

यावर मी काय बोलणार? एकतीस वर्षं वर्गात उभी होते. 'एवढंही माहीत नाही?' हे मी किती पोरांना म्हणाले असेन त्याची गणती नाही. ती पोरं आता चाळिशीत आहेत, आणि त्यांच्या हातात न कंटाळणारं यंत्र आलंय. ती माझ्याकडे कशाला येतील?

आणि या गोडव्याची ओढ काही आजची नाही. १९६६ मध्ये अमेरिकेत एमआयटीत जोसेफ वायझनबाम नावाच्या प्राध्यापकानं एलायझा नावाचा संगणकाचा प्रोग्राम जगापुढं आणला. आपण जे बोलू त्याचाच प्रश्न करून तो परत विचारायचा, बस. त्यांच्या सेक्रेटरीनं तो तयार होताना महिनोन् महिने बघितला होता. तरी चार वाक्यं बोलून झाल्यावर ती साहेबांना म्हणाली, तुम्ही जरा बाहेर जाता का? आताची यंत्रं तर इतकी गोडबोली की २०२५ च्या एप्रिलमध्ये चॅटजीपीटीच्या कंपनीला आपली एक सुधारणा मागे घ्यावी लागली. ती येईल त्याच्या हो ला हो करायला लागली होती.

वहिनींना म्हटलं, रिपोर्ट समजून घेतलात ते छान केलंत. कागद तुमच्या हातात होता, तो वाचून दाखवत होता. तेवढं तो बरं करतो. आमच्या यांनी सातबाऱ्यावरची नावाची चूक दुरुस्त करायचा अर्ज त्याच्याकडूनच लिहून घेतला, तलाठ्यानं पहिल्या फटक्यात घेतला. पण माझ्या माहेरच्या गावच्या देवीची जत्रा कधी असते म्हणून मी विचारलं, तर त्यानं तिथं नसलेला डोंगर उभा केला आणि त्यावर देऊळ बांधलं. न्यूयॉर्कबद्दल लोकांनी इंटरनेटवर ढिगानं लिहून ठेवलंय. आमच्या वाडीबद्दल कोण लिहिणार, आणि तेही मराठीत?

"बरं, मीठ?" वहिनींनी विचारलं. बीपीमुळे त्यांचं मीठ कमी केलंय. "मिठाच्या जागी काय खावं ते विचारलं तर चालेल?"

इथं मात्र मी हातातली वाटी भिंतीवर ठेवली. वाटीत दोडक्याच्या शिरांची चटणी होती, त्यांच्याचसाठी आणलेली.

म्हटलं, वहिनी, हे ऐका. अमेरिकेतला साठ वर्षांचा गृहस्थ. कॉलेजात आहारशास्त्र शिकलेला. मिठाचे तोटे वाचून त्याच्या मनात आलं की जेवणातून क्लोराइडच काढून टाकावं. चॅटजीपीटीला विचारलं, आणि त्यानं मिठाऐवजी सोडियम ब्रोमाइड खायला सुरुवात केली. ऑनलाइन मागवलं. तीन महिने खाल्लं. २०२५ मध्ये डॉक्टरांनी ही केस वैद्यकीय नियतकालिकात छापली. ब्रोमाइड शंभर वर्षांपूर्वी शांत करणाऱ्या औषधांत असायचं, आणि ते अंगात साठलं की माणसं भ्रमिष्ट व्हायची. याच्या रक्तात ते नेहमीच्या वरच्या मर्यादेच्या दोनशे पटींहून जास्त निघालं. भास व्हायला लागले. तहान लागलेली असायची, पण समोर केलेलं पाणी पिईना. तीन आठवडे इस्पितळात.

"आणि इस्पितळात पहिल्यांदा गेला तेव्हा काय म्हणाला माहितीय? शेजारी माझ्यावर विषप्रयोग करतोय."

वहिनींनी वाटीकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग दोघींना असं हसू फुटलं की अण्णा बाहेर आले.

हसून झाल्यावर वहिनी गप्प झाल्या. "पण त्यानं असं सांगितलंच कसं?"

त्या माणसाचं संभाषण डॉक्टरांना बघायला मिळालं नाही. त्यांनी स्वतः चॅटजीपीटीला विचारून बघितलं, क्लोराइडच्या जागी काय वापरता येईल. उत्तरात ब्रोमाइड होतं. सफाईबिफाईच्या कुठल्या कामात तो बदल चालतही असेल. संदर्भ बघावा असंही तो म्हणाला. पण धोक्याचा इशारा दिला नाही, आणि कशाला हवंय हेही विचारलं नाही. आपला वाणी बघा. तुरटी मागितली तरी विचारतो, पाण्यात टाकायला की दाढीला?

अण्णा म्हणाले, "आमच्याकडे पार्सल आलं की पहिला प्रश्न, आत काय आहे. दुसरा, पाठवणाऱ्याचा पत्ता कुठाय." आणि आत गेले.

एकादशीला अण्णा बोलले ते गाथेतल्याच अभंगावर. पान उघडून, बोट ठेवून. छान बोलले. मला वाटलं, मिटलं प्रकरण.

तिसऱ्या दिवशी सकाळी वहिनी भिंतीशी धावत आल्या. "ताई, चौकातला फ्लेक्स बघितला?"

मी चप्पल घालून गेले. आषाढी एकादशीच्या हार्दिक शुभेच्छा. एका बाजूला विठोबा, दुसऱ्या बाजूला आमच्या वॉर्डातले होऊ घातलेले नगरसेवक हात जोडून, विठोबापेक्षा बोटभर मोठे. आणि मधोमध अण्णांच्या कार्डावरचा अभंग, 'सकारात्मक'सकट. खाली ठळक अक्षरांत, जगद्गुरू संत तुकाराम महाराज. धाकट्यानं पहिल्याच मिनिटाला तो घरच्या ग्रुपवर टाकला होता. तिथून मामांच्या ग्रुपवर, तिथून मंडळाच्या, तिथून छपाईवाल्याकडे. नंतर त्यानं चूक झाल्याचंही टाकलं होतं म्हणे. ते कुणी पुढं पाठवलं नाही.

फ्लेक्सखाली दोन बायका उभ्या होत्या. एकीनं फोटो काढला. दुसरी म्हणाली, किती खरंय ना.

अण्णा काठी टेकत तिथवर जाऊन आले होते, असं वहिनींनी संध्याकाळी सांगितलं. परत आल्यावर कुणाशी बोलले नाहीत. गाथा फडक्यात बांधून कपाटात ठेवली.

मी वाटी परत घेतली. वहिनींनी त्यात चार सांडगे घातले होते, रिकामी वाटी त्या कधी देत नाहीत. मग इकडंतिकडं बघून आवाज खाली आणला.

"ताई, कुणाला सांगू नका. आज सकाळी अंघोळ करताना अण्णा तोच अभंग म्हणत होते. भैरवीत."

"कोण म्हणालं?"

"मी स्वतः ऐकलं हो, मोरीच्या दाराशी उभी राहून. तो सकारात्मक शब्द तेवढा गाळला होता."